थोरल्याची थकबाकी, धाकट्याच्या नावावर

कोल्टर्स फेरी या गावात डेल्मर हार्गिस नावाची दोन माणसं राहतात, आणि एकाला दुसरा समजण्याची चूक तिथलं शेंबडं पोरसुद्धा करणार नाही. थोरला डेल्मर लिलाव पुकारतो. शनिवारी सकाळी त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की नदीपलीकडच्या गायी चरायच्या थांबतात. त्याचा मुलगा, धाकटा डेल्मर, गवत कापायची मशिनं दुरुस्त करतो, आणि तो आठवडाभरात जेवढं बोलतो तेवढं थोरला एका श्वासात बोलून मोकळा होतो. थोरल्याला दिसेल ती वस्तू घ्यावीशी वाटते. धाकट्याला घेतलेल्या वस्तूचे पैसे दिल्याशिवाय झोप येत नाही. एकाच घरात, एकाच बाईच्या हातचा मक्याचा पाव खाऊन ही दोन टोकं कशी तयार झाली, यावर आमच्याकडे अजून चर्चा चालते.

नावाचं म्हणाल तर आम्हा केंटकीवाल्यांना मुलाला बापाचंच नाव देण्याची भारी हौस. धाकटा जन्मला तेव्हा फॉर्मवर नाव काय लिहू, असं हॉस्पिटलातल्या नर्सने विचारलं, तर थोरला म्हणाला होता, "डेल्मर हार्गिस. चांगलं चालतं नाव आहे, नवीन कशाला शोधत बसायचं?" गावाने त्यावर तोडगा काढला. बाप तो थोरला, मुलगा तो धाकटा. धाकटा आता चाळिशी ओलांडून पुढे गेला, टक्कल पडायला लागलं, स्वतःची मुलगी कॉलेजात गेली, तरी तो आपला धाकटाच. गावाचं त्यात काही अडत नव्हतं. अडलं ते कॉम्प्युटरचं.

धाकटा आणि त्याची बायको ट्वायला मिल रोडवर मिसेस फिंच नावाच्या म्हाताऱ्या बाईंच्या घरात भाड्याने राहायचे. घर जुनं, पण मागे ऐसपैस शेड, आणि त्या शेडमध्ये धाकट्याचं दुकान. वसंत लागला की तिथे पाऊल ठेवायला जागा नसायची. अख्ख्या पंचक्रोशीतली बिघडलेली मशिनं तिथे ओळीने उभी, आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी धाकट्याची टोपी दिसायची. पण मिसेस फिंच आता थकल्या होत्या. फ्लॉरिडाला मुलीकडे जाऊन राहायचं त्यांनी ठरवलं, आणि उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी केळ्याचं पुडिंग घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या.

"घर विकतेय," त्या म्हणाल्या. "पहिला हक्क तुमचा. पण पानं गळेपर्यंतच थांबेन हं. मग तो गोदामवाला मागे लागलाय, त्याला देऊन टाकेन. तो शेड पाडून सामान ठेवायच्या लोखंडी खोल्या बांधणार म्हणे."

पुडिंग संपायच्या आत ट्वायलाने स्वयंपाकघराला कुठला रंग द्यायचा हे ठरवून टाकलं. धाकटा मात्र उठून शेडमध्ये गेला आणि उगाच एका मशिनचं पातं घासत बसला. शेड गेली तर दुकान गेलं, आणि दुसरं कुठलं काम त्याला येत नव्हतं. पण तसा तो घाबरला नव्हता. आयुष्यात कुणाचा एक डॉलर बुडवला नाही, मग कर्ज का नाही मिळणार, हा त्याचा साधा हिशेब.

गावच्या पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर मिसेस प्रुइट बसतात. त्यांच्या गळ्यात चष्म्याची साखळी असते, आणि तो चष्मा डोळ्यावर चढला की समजावं, काहीतरी बिनसलंय. त्यांनी धाकट्याचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आजवरच्या उधारी-हप्त्यांचा हिशेब, उघडला आणि चष्मा चढवला.

"धाकट्या, तुझ्याकडे बोट आहे?"

"नाही."

"मोटर लावलेली. मासे धरायची. सुरुवातीचे हप्ते दिलेस, पुढचे दिलेच नाहीस."

"ती डॅडींची. म्हणजे होती. आता नदीच्या तळाशी आहे."

"बरं. पाठ रगडणारी खुर्ची?"

"डॅडींची."

"भिंतीएवढा टीव्ही? छपरावरची डिश? आणि हे काय, जमिनीत पुरलेलं सोनं शोधायचं यंत्र?"

"त्या यंत्रात त्यांना फक्त बाटल्यांची झाकणं सापडली," धाकटा म्हणाला, आणि मग त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "मिसेस प्रुइट, हे सगळं माझ्या नावावर कसं?"

"डेल्मर हार्गिस, कोल्टर्स फेरी. लग्नाआधी एकाच पत्त्यावर राहत होतात. नोंदी ठेवणाऱ्या कंपनीला वाटलं, माणूस एकच." मिसेस प्रुइटनी चष्मा काढला. "कॉम्प्युटरला काय कळतंय, कोण बोलतो आणि कोण गप्प बसतो ते! आता लेखी हरकत घे. हे माझं नाही, असं एकेका नोंदीखाली खूण करून पाठव. या पाच निघाल्या की बास. कारण ही सहावी बघ, हिरा आहे हिरा! पियानो. शेवटपर्यंत एक हप्ता उशिरा नाही. तुझं बाकी सगळं तू रोखीने घेतोस, त्यामुळे तुझ्या नावावर पत म्हणून दाखवायला दुसरं फारसं काही नाहीच. पाच वाईट गेल्या आणि ही एक राहिली, तर मी डोळे झाकून कर्ज देईन."

धाकट्याने तोंड उघडलं, आणि मिटलं.

त्या पियानोची हकिगत गावात सगळ्यांना माहीत आहे, कारण थोरला ती सगळ्यांना सांगत असतो. धाकट्याची आई ओपल बाप्टिस्ट चर्चमध्ये पियानो वाजवायची. घरी मात्र तिला टेबलाच्या कडेवर बोटं नाचवून सराव करावा लागे. एक दिवस थोरल्याने हप्त्यावर पियानो आणून बैठकीच्या खोलीत उभा केला. दुकानवाला तो दोन महिन्यांत परत घेऊन जाणार, यावर गावात पैजा लागल्या होत्या. पण थोरल्याने हप्ते भरले. बोटीचे थांबले, डिशचे थांबले, पियानोचे थांबले नाहीत. ओपल गेली, तरी उरलेले हप्ते तो भरत राहिला. "आयुष्यात एक वस्तू मी पुरती माझी केली," तो छाती पुढे काढून सांगतो, "आणि ती मला वाजवता येत नाही!"

तेव्हा तो पियानो कुणाचा, हे धाकट्याला कुणी सांगायला नको होतं. त्या रात्री जेवणं झाल्यावर त्याने हरकतीचा फॉर्म भरला. बोट, हे माझं नाही. खुर्ची, हे माझं नाही. टीव्ही, डिश, सोन्याचं यंत्र. सहाव्या ओळीवर पेन जरा थबकलं. कंपनीनेच चूक केली आहे, आपण कुठे काही खोटं लिहितोय, असं त्याने स्वतःला समजावलं आणि पाकीट बंद केलं. ट्वायलालाही काही बोलला नाही.

उत्तर आलं ते वाचून ट्वायलाने कपाळाला हात लावला. कंपनीने चौकशी केली होती. म्हणजे दुकानांना विचारलं होतं, डेल्मर हार्गिस तुमचं देणं लागतो का? दुकानं म्हणाली, लागतो तर! झाली चौकशी. नोंदी बरोबर आहेत, कळावे.

"यांना अक्कल कोण वाटतं?" ट्वायला म्हणाली. "डेल्मर हार्गिस देणं लागतोच! अख्ख्या केंटकीला माहितीये!"

मिसेस प्रुइटचा सल्ला सरळ होता. थोरल्याने शपथेवर लिहून द्यायचं की ही देणी माझी, माझ्या मुलाची नव्हेत. दोघांच्या जन्मतारखा, दोघांचे सरकारी नंबर, नोटरीचा शिक्का. मग कंपनीला नाही म्हणायला जागाच उरणार नव्हती. फक्त थोरल्याला विचारायचं राहिलं होतं, आणि धाकट्याला तेच अवघड वाटत होतं.

शनिवारी तो लिलावाच्या कोठारात गेला. थोरला स्टुलावर उभा राहून एका शिलाई मशिनची किंमत वाढवत होता. मधल्या सुट्टीत तो खाली उतरला, चर्चच्या बायकांकडून सफरचंदाच्या दोन करंज्या घेतल्या आणि एक मुलापुढे धरली.

"डॅडी, तुमच्या बोटीमुळे मला घर मिळत नाहीये."

धाकट्याने एवढंच वाक्य पाठ करून आणलं होतं. बाकीचं थोरल्याने एकेक प्रश्न विचारून त्याच्याकडून काढून घेतलं. सगळं ऐकल्यावर तो खो खो हसला.

"म्हणजे माझी सगळी इस्टेट तुझ्या नावावर झाली म्हण की! लोक मेल्यावर ठेवतात, मी जिवंतपणी दिली!"

"डॅडी, हसू नका. शेड जाईल माझी."

थोरल्याचं हसणं थांबलं. त्याने करंजीचा उरलेला तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत बसला. "शपथेवर लिहून दिलं की ते वसुलीवाले जागे होणार, ठाऊक आहे ना तुला? गेली कित्येक वर्षं मी त्यांना कसंबसं झोपवून ठेवलंय."

हे मात्र खरं होतं. वसुलीवाल्यांचा फोन आला की थोरला गोड आवाजात म्हणायचा, डेल्मर आत्ताच बाहेर पडला हो, मी देतो त्याला निरोप. आणि फोन ठेवून आरशासमोर जाऊन खरोखरच निरोप द्यायचा, म्हणजे आपण खोटं बोललो असं व्हायला नको.

"तुम्हाला त्रास होणार, हे माहितीये मला," धाकटा म्हणाला. "पण दुसरा रस्ता नाही."

"विचार करून सांगतो," थोरला म्हणाला, आणि पुन्हा स्टुलावर चढला. त्या दिवशी त्याने शिलाई मशीन फारच स्वस्तात सोडलं, असं घेणारीनेच नंतर सांगितलं.

सोमवारी सकाळी सूनबाईला त्याचा फोन. "ट्वायला, धाकट्याला सांग, दाढी करून इमोजीनच्या पार्लरमध्ये ये. मी निघालोय."

आमच्या गावात शिक्का मारायचा अधिकार दोघांना आहे. एक कोर्टातला कारकून, आणि दुसरी इमोजीन सायझमोर, जी पुढच्या खोलीत बायकांचे केस कुरळे करते आणि हात पुसून कागदपत्रंही करून देते. शांतपणे काम उरकायचं तर माणूस कोर्टात जाईल. थोरल्याने पार्लर निवडलं, कारण कोर्टात ऐकायला माणसं नसतात.

धाकटा आणि ट्वायला पोचले तेव्हा तीन बायका ड्रायरखाली बसल्या होत्या आणि चौथीचे केस इमोजीनच्या हातात होते. थोरला इस्त्रीचा शर्ट घालून मधोमध उभा. ट्वायलाने टाइप करून आणलेला कागद इमोजीनने वाचला आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"डेल्मर, हे सगळं तुझं?"

"सगळं. एकेक पुकारतो, थांब." थोरल्याने तिच्या टेबलावरचा केसांचा ब्रश उचलला आणि त्याचा आवाज कोठारात लागतो तसा लागला. "पहिला माल! बोट, मोटरसकट, सध्या पाण्याखाली! कुणाची? बोला, कुणाची? बाई, तुमची? नाही? हार्गिसची! थोरल्या हार्गिसची! एक, दोन..." आणि ब्रश टेबलावर आपटला. "तीन! पुढचा माल, पाठ रगडणारी खुर्ची!"

"त्या खुर्चीत मी बसलेय, डेल्मर," ड्रायरखालून एक बाई ओरडली. "आठवडाभर वाकता येत नव्हतं!"

"म्हणून तर पैसे दिले नाहीत! एक, दोन, तीन!"

टीव्ही गेला, डिश गेली. सोन्याच्या यंत्राची पाळी आली तेव्हा इमोजीनच्या हातातली बाई एवढी हसत होती की कात्री बाजूला ठेवावी लागली. ट्वायला डोळे पुसत होती. धाकटासुद्धा हसला. बाप नाचक्कीचं काम करायला आला होता आणि त्याची जत्रा करून टाकत होता, हे बघून त्याला आतून भरून येत होतं.

"हे झाले पाच," थोरला म्हणाला. कागद त्याने नाकाजवळ धरला, उलटा करून मागची बाजू पाहिली. "पियानो कुठाय?"

धाकट्याचे कान लाल झाले.

"तो... त्यात काही चूक नाहीये, डॅडी. सगळे हप्ते भरलेत."

"ते मला माहितीये. मीच भरलेत. मी विचारतोय, तो तुझ्या रिपोर्टात आहे का?"

"आहे."

"तुझ्या नावावर?"

"हो."

"आणि तो तू ठेवून घेतलास."

एका बाईने नीट ऐकू यावं म्हणून ड्रायर बंद केला. ट्वायला नवऱ्याकडे वळली. "डेल्मर, हे तू मला बोलला नाहीस."

"म्हणजे बोट माझी," थोरला म्हणाला, "खुर्ची माझी, ते झाकणं शोधायचं यंत्र माझं. आणि एकच गोष्ट मी आयुष्यात धड केली, ती तुझी." तो ओरडला नाही. त्याचा आवाज इतका खाली आलेला त्या खोलीत कुणी कधी ऐकला नव्हता.

धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उभा जन्म त्याने बापाकडे जरा वरूनच पाहिलं होतं. मी बुडवत नाही, मी उधार ठेवत नाही, मी यांच्यासारखा नाही. आणि बापाची एकुलती एक चांगली नोंद त्याने गुपचूप खिशात घातली होती, तीही एका साध्या फॉर्मवर, स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून.

"मिसेस प्रुइट म्हणाल्या, तो काढला तर कर्जाचं काही खरं नाही," तो कसाबसा म्हणाला. "माझ्या नावावर दुसरं काही नाहीच दाखवायला. शेड जाईल, डॅडी."

थोरल्याने त्याच्याकडे पाहिलं. मग ट्वायलाकडे पाहिलं. ब्रश खाली ठेवला.

"असं आहे होय," तो म्हणाला. "मग सांगायचं नाही का, गाढवा! इमोजीन, लिही खाली. पियानो धाकट्याने घेतला, धाकट्याने फेडला. हा बघ, हात वर केला."

"हात खाली कर," इमोजीन म्हणाली.

"अगं, पोराच्या घराचा प्रश्न आहे!"

"असू दे. ओपल माझी मैत्रीण होती. तो पियानो कुणी आणला आणि कुणी फेडला, हे या खोलीत सगळ्यांना माहितीये. खोट्या शपथेवर मी शिक्का मारत नाही. तुझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी नाही, गव्हर्नर आला तरी नाही."

"पण मी माझ्या खुशीने देतोय ना!"

"खुशीने पियानो दे उचलून. फेडल्याचं नाव देता येत नाही."

दोघं हमरीतुमरीवर येणार, एवढ्यात धाकट्याने टेबलावरचं पेन घेतलं. टाइप केलेल्या पाच ओळींखाली थोडी जागा होती. तिथे त्याने वाकून लिहायला सुरुवात केली. मशिनवर गिऱ्हाइकाचं नाव लिहितो तसं, मोठ्या अक्षरात.

"मोठ्याने वाच," इमोजीन म्हणाली. "शपथ त्याला घ्यायचीय, काय लिहिलंस ते त्याला कळू दे."

धाकट्याने घसा खाकरला. "सहावं. पियानो. हाही माझा नाही. माझ्या वडिलांचा आहे. शेवटच्या हप्त्यापर्यंत त्यांनीच भरला. माझी आई वारल्यावरही."

एवढ्या माणसांसमोर त्याने एका दमात एवढं बोलण्याची ती पहिलीच वेळ. थोरल्याने हाताला लागला तो टॉवेल उचलला आणि त्यात जोरात नाक शिंकरलं.

"तो केस रंगवायचा टॉवेल आहे, डेल्मर," इमोजीन म्हणाली.

नाकाच्या शेंड्यापासून वरच्या ओठापर्यंत गडद तपकिरी रंग लागलेल्या थोरल्या डेल्मर हार्गिसने उजवा हात वर करून शपथ घेतली, की वरील सहाही गोष्टी माझ्याच. तो रंग पुढे आठवडाभर गेला नाही. विचारेल त्याला तो ऐटीत सांगायचा, की कायदेशीर काम करताना लागलाय.

पाकीट टपालात पडलं. मधले दिवस धाकट्याने कसे काढले ते ट्वायलालाच विचारा. तो मशिनं दुरुस्त करायचा आणि दर थोड्या वेळाने मान वर करून मागच्या मेपलच्या झाडाकडे बघायचा. पानं कडेने लाल व्हायला लागली होती. मिसेस फिंच यांनी सामानाच्या पेट्या आणून ठेवल्या. गोदामवाला एकदा येऊन शेडची मापं घेऊन गेला, आणि धाकट्याने त्याला टेपचं दुसरं टोक धरून दिलं. सभ्य माणसाचे असे हाल होतात.

अखेर कंपनीचं उत्तर आलं. दोन डेल्मर वेगळे केले होते. धाकट्याच्या रिपोर्टातून सहा नोंदी गेल्या, आणि तो इतका मोकळा झाला की मिसेस प्रुइटना स्क्रीनवर तो शोधावा लागला.

"वाईट काही नाही," त्या म्हणाल्या. "चांगलंही काही नाही. एक जुनं गॅरेजच्या अवजारांचं खातं, ते तू दोन महिन्यांत फेडलंस. धाकट्या, माझा पियानो कुठे गेला?"

"मी काढायला लावला."

मिसेस प्रुइटनी चष्मा चढवला. "तू स्वतः?"

"माझा नव्हता तो."

"मला त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

धाकट्याने टोपी हातात फिरवली. "लाज वाटली नाही त्या दिवशी. नंतर वाटली."

वाईट नोंदी काढून द्या म्हणून मिसेस प्रुइटसमोर रोज कुणी ना कुणी रडत असतं. चांगली नोंद हाताने काढून टाकून वर कर्ज मागायला आलेला हा पहिलाच. त्यांनी फाइल उचलली. "नियमात तू बसत नाहीस. पण समितीला माणूस बघून ठरवायचा अधिकार आहे, आणि आज समिती आत बसलीय. मी मिसेस फिंचना फोन लावून देते, तू भाडं कसं दिलंस ते त्यांच्या तोंडूनच ऐकू देत. तू बाहेर बस, आणि ती टोपी फाडू नकोस."

बाहेर बाकावर थोरला आधीच येऊन बसला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. दोघं शेजारी शेजारी बसून राहिले, आणि थोरला चक्क गप्प होता. त्याच्याकडचे वसुलीवाले खरंच जागे झाले होते. खुर्ची, टीव्ही आणि सोन्याचं यंत्र त्याने गेल्या शनिवारी आपल्याच लिलावात काढलं होतं, आणि आलेले पैसे त्यांना धाडले होते. टीव्हीला चांगली किंमत आली. यंत्र कुणी घेईना, तेव्हा त्याच्यावर पहिली बोली स्वतः लावायची त्याला अनावर इच्छा झाली होती, पण चर्चच्या बायकांनी त्याचा हात धरून ठेवला.

दार उघडलं आणि मिसेस प्रुइट बाहेर आल्या. चष्मा साखळीला लोंबत होता.

"घे जा घर," त्या म्हणाल्या. "समितीतल्या तिघांची मशिनं तू दुरुस्त करतोस, आणि तिघांनाही तू म्हणालास की नवीन भाग लागत नाही, नुसतं साफ करून देतो. ते बोलून दाखवलं त्यांनी. पण व्याज जरा चढं लागेल. पत दाखवायला काही नसलं की तेवढं लागतंच."

धाकटा उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. त्याने मिसेस प्रुइटचा हात इतका वेळ हलवला की त्यांना तो सोडवून घ्यावा लागला. बाहेर आल्यावर त्याने ट्वायलाला फोन केला, आणि फोनमधून आलेली किंकाळी थोरल्याला चार हातांवरून ऐकू आली.

"व्याज चढं म्हणजे किती?" थोरल्याने विचारलं.

"महिन्याला तीसेक डॉलर जास्त जातील."

"पियानो ठेवला असतास तर हे गेले नसते."

"नसते."

थोरला पायऱ्या उतरेपर्यंत विचार करत होता. "मग ते तीस मी देत जाईन," तो म्हणाला. "दर महिन्याला. शेवटपर्यंत."

धाकट्याला हसू फुटलं. "तुम्ही, डॅडी?"

"ओपलच्या पियानोचे दिले की नाही?"

धाकट्याचं हसू ओठांवरच राहिलं. "दिलेत," तो म्हणाला.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला थोरला शेडच्या दारात हजर. त्याने एका मशिनच्या हुडवर नोटा मोजून ठेवल्या आणि हात पुढे केला.

"पावती."

"डॅडी, घरच्या घरात पावती कसली?"

"दे म्हणतो ना. आणि नाव नीट लिही. हार्गिस, थोरला. पुन्हा तुझ्या नावावर गेलेलं मला चालायचं नाही."

धाकट्याने चिंधीला हात पुसले, बिलबुक ओढलं, आणि मान वर न करता, कारण डोळे भरून आले होते, बापाचं नाव मोठ्या अक्षरात लिहून पावती फाडून त्याच्या हातात दिली.